दुसरी सही

"आज चंद्रोदय किती वाजता रे तुझ्याकडे?"

दर संकष्टीला आईचा फोनवरचा पहिला प्रश्न हा. पुण्यात याचं उत्तर सोपं, कालनिर्णय बघितलं की झालं. इथे इनुविकला तसं नाही. इनुविक म्हणजे कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात, आर्क्टिक वृत्ताच्याही दोनशे किलोमीटर उत्तरेला, मॅकेन्झी नदीच्या मुखाजवळचं तीनएक हजार वस्तीचं गाव. मे महिन्यातल्या संकष्टीला इथे चंद्र उगवतच नाही असं होतं, आणि नोव्हेंबरातल्या संकष्टीला मावळतच नाही असंही होतं. मग उपास सोडायचा कधी? शेवटी आईनेच तोडगा काढला. पुण्यात चंद्र दिसला की तिने फोन करायचा आणि इकडे मी खायचं. आमच्यात उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा तासांचा फरक, त्यामुळे माझा उपास सकाळच्या चहालाच सुटतो! मावशीच्या मते ही चक्क फसवणूक आहे.

मला तसं वाटत नाही. फसवणूक कशाला म्हणतात ते मला गेल्या डिसेंबरात चांगलं कळलं, आणि तेच आज लिहायचं आहे. बरेच दिवस टाळत होतो.

आधी कामाबद्दल थोडं. आमच्या नात्यात अजूनही काहीजण 'हा तिकडे पायलट आहे' असं सांगतात. नाही हो, मी विमान दुरुस्त करतो. विमान उडतं तेव्हा मी खाली पाना घेऊन उभा असतो. आमच्याकडे मुख्यतः ट्विन ऑटर. १९६५ साली पहिल्यांदा उडालेलं हे दोन इंजिनांचं विमान चाकांवर, स्कीवर, फ्लोटवर, कशावरही उतरतं. इनुविकपर्यंत निदान एक खडीचा रस्ता तरी येतो. पण पॉलाटुक, सॅक्स हार्बर, उलुखाकटोक या गावांना रस्ताच नाही. माणसं, टपाल, आजारी पोरं, कधी शवपेटीसुद्धा, सगळं विमानानेच जातं. उणे चाळीसला उघडा हात धातूला चिकटतो. इंजिनावर गोधडीसारखं आवरण घालून आत गरम हवेचा पाइप सोडावा लागतो. शंभरेक वर्षांपूर्वी या भागात विमानं यायला लागली तेव्हा लोक रात्री इंजिनातलं तेल काढून घ्यायचे आणि सकाळी चुलीवर गरम करून परत ओतायचे. आता तेवढं करावं लागत नाही, पण थंडी तीच आहे.

आमच्या कामाचा शेवट नेहमी सहीने होतो. मी सही केली की विमान उडायला मोकळं. आणि विमानाच्या कंट्रोल्सना, म्हणजे रडर-एलेव्हेटरच्या केबल्सना वगैरे हात लावला असेल, तर इथल्या नियमाप्रमाणे दोन सह्या लागतात. जोडणी बरोबर आहे का, लॉक बसलंय का, पेडल दाबल्यावर रडर योग्य बाजूला वळतो का, हे दोघांनी आपापल्या डोळ्यांनी बघायचं. एक माणूस कितीही हुशार असला तरी नियम त्याच्या एकट्यावर विश्वास ठेवत नाही.

तर डिसेंबरातली गोष्ट. त्या महिन्यात बहुतेक दिवस इथे सूर्य वर येतच नाही. माझी बारा तासांची पाळी संपत आली होती. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या सहकाऱ्याने रडरच्या केबलचं काम संपवलं होतं. मी सगळं शिकलो ते याच्याकडून. दर रविवारी इथल्या इग्लू चर्चमध्ये जाणारा, अगदी देवमाणूस. तो म्हणाला, "पॅनल उघडं ठेवलंय, बघून घे." मला भूक लागली होती, डोळे मिटत होते. मी म्हटलं, "तू केलंयस म्हणजे झालंच." आणि सही ठोकली. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि पॅनल बंद केलं.

घरी आलो, जेवलो. फ्रिजवर आमचा गणपती आहे, निजण्यापूर्वी त्याला नमस्कार करायची सवय. हात जोडले आणि मनात आलं की जे मी पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून लिहून आलोय. तसाच पडून राहिलो. देव बघून घेईल असं म्हणून बघितलं, झोप येईना. रात्री एक वाजता वरिष्ठांना फोन केला आणि खरं काय ते सांगितलं.

सकाळचं विमान थांबवलं. पॅनल उघडले, दोघांनी मिळून सगळं तपासलं. सगळं व्यवस्थित होतं. क्लिपा जागच्या जागी, रडर बरोबर. पण यात दीड तास गेला आणि तेवढ्यात पॉलाटुकला वारा सुटून बर्फ उडायला लागला. ते विमान पुढे दोन दिवस जाऊ शकलं नाही. त्यात एक आजी होत्या, भावाच्या अंत्यविधीला निघालेल्या. दफन त्यांच्याशिवाय झालं.

सहकारी तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. माझा फोन त्याच्या कामावर अविश्वास दाखवणारा होता असं त्याला वाटलं. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाला, "तेव्हाच दोन मिनिटं वाकून बघितलं असतंस तर?" यावर काय बोलणार?

१० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या विमानाची पुढची काच हवेत निखळली. कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला, सहकाऱ्यांनी त्याला पाय धरून ठेवलं, सुदैवाने सगळे वाचले. काच बसवताना लावलेल्या ९० बोल्टपैकी ८४ एका मिलिमीटरपेक्षाही कमी फरकाने बारीक होते. बसवणारा अनुभवी होता, चांगल्या लौकिकाचा होता. त्याने रात्री अपुऱ्या उजेडात बोल्ट नजरेने जुळवले आणि त्याला स्वतःबद्दल खात्री होती. त्या कामाला दुसरी तपासणी लागतच नव्हती. १९९३ मध्ये ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या गॉर्डन ड्यूपॉन्ट यांनी माणसांच्या हातून अशा चुका का होतात याची बारा कारणं मांडली. त्यात थकवा आहे, दडपण आहे आणि निर्धास्तपणाही आहे. माझ्या त्या रात्रीत यातली दोन तर नक्कीच होती.

माझा चुलतभाऊ म्हणतो, विमान विज्ञानावर उडतं, त्यात श्रद्धा कशाला आणतोस? आई म्हणते, देव पाठीशी आहे, तू काळजी करू नकोस. माझ्या टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत तिनेच दिलेला गणपतीचा छोटा फोटो आहे, तो मी काढणार नाही. पण मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. सहकारी देवमाणूस आहे म्हणून मी बघितलं नाही, ही श्रद्धा नव्हती, आळस होता. मी त्याला श्रद्धेचे कपडे घातले होते. आणि रात्री एक वाजता फोन करायला लावलं ते निव्वळ विज्ञानाने, असंही मला म्हणता येत नाही. नियम तर मी आधीच मोडला होता आणि कोणालाही कळलं नसतं.

इनुविकमध्ये एक छोटी मशीद आहे. ती २०१० साली विनिपेगला बांधली आणि ट्रकने, मग बार्जवरून, सुमारे चार हजार किलोमीटर प्रवास करून इथे आणली. आणणाऱ्यांनी वाटेत प्रार्थना केली असणार, आणि मशीद ट्रकवर नीट बांधलेली आहे की नाही तेही बघितलं असणार. श्रद्धा म्हणजे मला आता असंच काहीतरी वाटतं. ज्यांना माझं नावही माहीत नाही ती माणसं डोळे मिटून विमानात बसतात. खरी श्रद्धा त्यांची. माझ्या वाट्याला वाकून बघणं येतं, आणि बघितलं नसेल तर नाही बघितलं असं सांगणं.

राहता राहिल्या त्या आजी. दुकानात अधूनमधून दिसतात, ओळखीचं हसतात. विमान कोणामुळे थांबलं ते त्यांना माहीत नाही. फोन केला ते बरोबरच केलं असं मला आजही वाटतं, पण तो दीड तास माझ्या दोन मिनिटांच्या आळसाचा होता, हे त्यांना कळायला हवं. पुढच्या संकष्टीच्या आत सांगायचं ठरवलंय.

आणि आई, हे सगळं तुला इथेच पहिल्यांदा कळतंय. रागावू नकोस. चंद्र दिसला की फोन कर.