ते वचन तुझ्या एकट्याचं नाही

आमच्या चर्चच्या तरुण संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी सहाला एक वचन पडतं. मागे डोंगर नाहीतर उगवता सूर्य, त्यावर पांढऱ्या अक्षरांत पवित्र शास्त्रातली एक ओळ. तीन वर्षं ती कार्डं मी बनवत होतो. त्यामुळे पुढे जे काही बोलणार आहे, ते आधी मला लागू आहे.

सगळ्यात जास्त फॉरवर्ड झालेलं माझं कार्ड यिर्मयाच्या 29व्या अध्यायातल्या 11व्या वचनाचं. ख्रिस्ती नसाल तरी एखाद्या मित्राच्या स्टेटसवर ते तुम्ही पाहिलं असेल. तुमच्याविषयी माझ्या मनात चांगलंच आहे, वाईट नाही, तुम्हाला पुढे आशा आहे, असं देव त्यात सांगतो. दहावीचा निकाल, ऑपरेशन, नोकरीचा इंटरव्ह्यू, सगळीकडे चालतं.

दोन वर्षांपूर्वी माझा एक मित्र एमपीएससीत चौथ्यांदा राहिला. औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत त्याने सहा वर्षं काढली होती. निकाल कळल्यावर दहा मिनिटांत मी त्याला ते कार्ड पाठवलं. रात्री उशिरा उत्तर आलं, ‘हे कुणाला म्हटलंय रे?’

मी लिहिलं, ‘तुला.’

पुढच्या रविवारी तो चर्चला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ग्रुपवरून मात्र आम्ही त्याला रोज सकाळी सहाला वचन पाठवत राहिलो. त्याच्या खोलीवर जायला मला चार महिने लागले. टीव्ही सेंटरहून त्याची खोली चालत दहा मिनिटांवर आहे.

त्याचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. म्हणून तो अध्याय मी पहिल्या वचनापासून वाचला. तीन वर्षं त्यातली एक ओळ वापरत होतो, आणि अख्खा अध्याय पहिल्यांदा वाचत होतो. हे लिहिताना आजही लाज वाटते.

तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे. नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेममधली माणसं धरून बाबेलला नेली होती. घरदार, मंदिर, देश, सगळं सुटलेलं. त्या माणसांना यिर्मयाने हे पत्र धाडलं. त्यात चमत्काराचा शब्द नाही. घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, लेकरं होऊ द्या, असं सांगितलं आहे. ज्या परक्या शहरात नेलं आहे त्या शहराचं भलं पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं भलं होईल त्यातच तुमचंही भलं. आणि सुटका? सत्तर वर्षांनी. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण ती बघायला असणारच नव्हते. हे सगळं सांगून झाल्यावर आपलं ते 11वं वचन येतं.

आधीचा अध्याय तर कार्डवाल्यांनी रोज वाचावा असा आहे. त्यात हनन्या नावाचा एक संदेष्टा आहे. दोन वर्षांत सगळं ठीक होईल, असं तो देवाच्या नावाने सांगतो. लोकांना तो आवडला असणारच. यिर्मयाने मानेवर घेतलेलं जू तो सगळ्यांसमोर मोडूनही दाखवतो. यिर्मया म्हणतो, देवाने तुला पाठवलेलं नाही.

आता मोबाइल उघडा आणि बघा, तुमच्या फीडमध्ये यिर्मया किती आणि हनन्या किती. ‘या महिन्यात तुझं दार उघडणार’, ‘आमेन लिही, सात जणांना पाठव’, ‘बी पेर, शंभरपट घे’, आणि खाली क्यूआर कोड. मीही हनन्याचाच धंदा केला, फक्त क्यूआर कोड न लावता. सत्तर वर्षं कापून टाकली, शहर कापून टाकलं, आणि आशा तेवढी उरवून पाठवून दिली.

हा अध्याय घेऊन मी आमच्या मंडळीतल्या एका बाईंकडे गेलो. निवृत्त झेडपी शिक्षिका. सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांनी चष्मा पुसला आणि व्याकरणाचा तासच घेतला. ‘बाळा, अब्राहामाला देव काय म्हणतो? तू. मोशेला? तू. समुवेल तर पोरगा होता, त्यालाही तूच. आपल्या मराठी शास्त्रात देव एकट्याला अहो-जाहो करत नाही. मग इथं तुम्ही कशाला आलं? मान द्यायला नाही. हे पुष्कळांना सांगितलंय, म्हणून.’

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. आपली कार्डं, रील्स, गाणी इंग्रजीवरून उतरतात, आणि सगळ्यांना सांगितलेलं वचन माझ्या एकट्याच्या खिशात येऊन पडतं. मराठीत ते ‘तुम्ही’ डोळ्यांसमोर होतं. आम्ही ते वाचलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. शास्त्र तुकड्यात वाचलं की माणूसही तुकड्यात पडतो. वचन माझं, आशा माझी, आशीर्वाद माझा, आणि राहिला तो राहिला. मार्च 2023 मध्ये रामनवमीच्या आदल्या रात्री किराडपुऱ्यात जाळपोळ झाली, तेव्हा आमच्या ग्रुपवर 91वं स्तोत्र फिरत होतं. आजूबाजूला हजार पडले तरी तुला काही होणार नाही, अशा अर्थाचं. कार्ड मीच केलं होतं. शहरासाठी प्रार्थना करा असं त्या रात्री कुणी लिहिलं नाही, मीही नाही. पत्रात तर ती आज्ञा होती. आपल्याच गावाची नव्हे, धरून नेणाऱ्यांच्या राजधानीसाठी.

यावर मला तीन उत्तरं मिळतात.

पहिलं आईचं. ‘अरे, त्या एका वचनावर माणसं रात्र काढतात. तुझं काय जातं?’ खरं आहे. पपा घाटीत होते तेव्हा आईने अशाच एका ओळीवर रात्री काढल्या. पण त्या अकरा दिवसांत रोज डबा घेऊन वॉर्डात कोण येत होतं? बाई. आईला धीर वचनाने दिला आणि डब्याने दिला. वेगळं काढून दाखवता येणार नाही, आणि माझा मुद्दा तोच आहे. मित्राला मी वचन दिलं, डबा दिला नाही.

दुसरं उत्तर मोठ्या माणसांचं. ‘दिवस बरे नाहीत. घरात चार जण जमून प्रार्थना केली तरी लोक धर्मांतर म्हणतात. मोबाइलवरच बरं.’ ही भीती खोटी नाही, तिची टिंगल करणार नाही. पण बाबेलातले दिवस कुठे बरे होते? तिथे लपून बसा असं सांगितलं नव्हतं. घर बांधा, बाग लावा म्हटलं होतं. शेजाऱ्याला आपण फक्त स्पीकरवरून ऐकू आलो, तर त्याला आपली ओळख तरी कशी होणार?

तिसरं उत्तर माझ्या वयाच्या मुलांचं. ‘मंडळीत काय ठेवलंय? जमिनीची भांडणं, कमिटीची निवडणूक, आणि लग्न जमवताना मूळ गाव कुठलं अशी चौकशी.’ गाव विचारून काय काढायचं असतं ते आपल्याला माहीत आहे. बाप्तिस्मा झाला, जात पुसली नाही. हेही खरं. पण यावर उपाय म्हणून जो तो आपापला देव इयरफोनमध्ये घेऊन बसला, तर ती चौकशी करणाऱ्यांना अडवणार कोण?

आणि मी काही नवीन मागत नाही. इथून साठेक किलोमीटरवर जालन्याजवळ, निजामाच्या राज्यात, 19व्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल नावाची वस्ती उभी केली. ते जन्माने ब्राह्मण, 1843 साली बाप्तिस्मा घेतलेले. वस्तीतली माणसं मुख्यतः मांग आणि महार समाजातून आलेली. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि घरं, शेती, शाळा, चर्च उभं केलं. यिर्मयाचं पत्र मराठवाड्याच्या मातीत वाचलं तर ते असं दिसतं.

पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच ते छापलं. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, पूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. अख्ख्या ग्रंथासाठी एका बाईने शेवटची वर्षं घातली, आणि आम्ही त्यातली ओळ कापून डोंगरावर चिकटवतो.

नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र बसावेत, अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांत ते गेले. यश किती मिळालं ते सोडा. पगार सोडण्याएवढं त्यांना ते ‘तुम्ही’ महत्त्वाचं वाटलं.

आणि ग्रंथ सलग वाचायचा कसा, हे तरी आपल्याला कुणी शिकवायला हवं का? पैठण आपल्या उशाशी आहे. नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध करून ठेवली, आणि गावोगाव सप्ताहात माणसं मांडीला मांडी लावून पारायण करतात. आपल्याकडे पोथी लावतात, एक वाचतो, एक अर्थ सांगतो, बाकीचे प्रश्न विचारतात. मराठी ख्रिस्ती माणसाने ही पद्धत परकी का मानावी?

गेलं वर्षभर गुरुवारी संध्याकाळी आम्ही सात जण बाईंच्या घरी बसतो. एक पुस्तक घ्यायचं, पहिल्या अध्यायापासून, मध्ये काही गाळायचं नाही. कंटाळवाण्या वंशावळ्याही वाचायच्या. एकच नियम आहे, उठताना कुणाकडे जायचं ते ठरवायचं. कधी दवाखान्यात, कधी आजारी माणसाच्या घरी. गल्लीत पाणी आठवड्यातून एकदाच येतं, ते गुरुवारी आलं तर वाचन थांबवून वरच्या मजल्यावरच्या आजींचे हंडे भरायचे. त्या आजी ख्रिस्ती नाहीत. त्यांनी कधी विचारलं नाही, आम्ही कधी सांगितलं नाही.

माझा मित्र चर्चला परतलेला नाही. आता एका कुरिअर कंपनीत आहे. मी दर पंधरा दिवसांनी जातो, चहा होतो. मागच्या वेळी मी त्याला सांगितलं, तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं दिलं होतं. ते तुला एकट्याला म्हटलेलं नव्हतं. आपल्या सगळ्यांना होतं, आणि मी तुला एकट्याला पाठवून मोकळा झालो.

तो म्हणाला, ‘मग आता?’

मी म्हटलं, ‘गुरुवारी सातला. ये, नाहीतर मी येतो.’