पदवीनंतरचा अभ्यास बागेतच

वणी : सप्तशृंगगडाच्या वाटेवरील वणी परिसरात द्राक्षबाग सांभाळणे हा आता व्यवसाय झाला असून, त्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांना केवळ पिकाचे ज्ञान पुरेसे नाही. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश २०१० मध्ये मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने युरोपात भारतीय द्राक्षांची खेप नाकारली गेली. नियमाची माहिती वेळेवर न मिळाल्यास मोठा फटका बसतो, हे तेव्हा स्पष्ट झाले.

नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम सांभाळून शिकण्याची संधी देत आहे. तथापि, बाजारपेठेचे निकष अभ्यासक्रमापेक्षा लवकर बदलतात. त्यामुळे प्रमाणपत्रानंतरही निर्यातीचे नियम, हिशेब व कर्जाच्या अटी स्वतः वाचत राहणे नवउद्योजकाला अपरिहार्य ठरते.