सातव्या महिन्यातलं कौतुक आणि पहिले २८ दिवस

आपल्याकडे सातव्या महिन्यात थाटात डोहाळजेवण होतं, गर्भसंस्काराची पुस्तकं येतात, सगळं घर त्या बाईच्या दिमतीला असतं. छानच आहे. पण बाळाच्या मेंदूचा पाया तोवर कधीच घातला गेलेला असतो.

क्रम बघा. स्त्रीबीज आणि शुक्रपेशी यांचं मीलन गर्भाशयात नाही, बीजवाहिनीत होतं. त्यातून एकच पेशी तयार होते, मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढी. एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी वाढत जातात आणि सहाव्या-सातव्या दिवशी तो इवलासा गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. तिसऱ्या आठवड्यात त्यात पेशींची एक पट्टी दिसते. तिच्या कडा वर उचलल्या जातात, एकमेकींना जुळतात आणि नळी बनते. याच नळीपासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. साधारण २८व्या दिवसापर्यंत ती पूर्ण मिटते.

आता हिशोब करा. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींना अजून शंकाही आलेली नसते! या काळात शरीरात फॉलिक ॲसिड कमी असेल, तर नळी उघडी राहण्याचा धोका वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मूल हवं असं ठरलं की तेव्हापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावं. दिवस गेल्याचं कळल्यावर गोळी सुरू करायलाच हवी, पण नळीसाठी तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

मग ही माहिती द्यायची कधी? माझ्या मते शाळेतच. आठवड्याला मिळणारी लोह-फॉलिक ॲसिडची निळी गोळी मुलं गुपचूप खिडकीबाहेर टाकतात, कारण ती कशासाठी हे आपण सांगतच नाही. ती गोळी आज रक्तवाढीसाठी आहे. पण मेथी, पालक, हरभरा का खायचा, ही समज उद्या कामी येणार आहे. आणि हे मुलग्यांनाही सांगा. बाळात व्यंग निघालं की सुनेला बोल लावणाऱ्या घरात उद्या तिच्या बाजूने बोलणारा एक तरी माणूस हवा ना?