पूल स्वतःला सावरील; देखभाल कोण करील?

परभणीकराच्या ओळखीचे पूल म्हणजे गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्यांवरचे, खांबांवर उभे असलेले. २००९ मध्ये खुला झालेला मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू तिरप्या पोलादी तारांनी तोलून धरलेला आहे. त्याच्या तारांची चिंता मराठवाड्याने का करावी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. तथापि त्या तारांचे शास्त्र जो धडा देते, तो गंगाखेडच्या पुलालाही लागू पडतो.

लांब तार कितीही ताणलेली असली तरी कंप जिरविण्याची तिची स्वतःची शक्ती फार अल्प असते. वारा व पाऊस एकत्र आले की तारेवरून ओघळणाऱ्या पाण्यामुळे वाऱ्याचा प्रवाह बदलतो आणि तार मोठ्या झोक्याने डोलू लागते. जपानमधील मेइको निशी पुलावर हा प्रकार १९८० च्या दशकात अभ्यासिला गेला. अशा कंपाने पूल तत्काळ पडत नाही. पण वारंवार वाकून धातू थकतो. यावर तारेच्या बुडाशी कंपशामक बसवितात. चीनमधील दोंगतिंग सरोवराच्या पुलावर २००२ मध्ये चुंबकक्षेत्रात घट्ट होणाऱ्या द्रवाचे शामक वापरले गेले. त्यांना वीज लागते. आणि ऐन वादळातच वीज जाण्याचा संभव अधिक. म्हणून संशोधकांनी तारेच्या हालचालीतूनच वीज मिळविण्याचा मार्ग शोधला. वेटोळ्यात चुंबक हलला की वीज निर्माण होते, हे फॅरडेने १८३१ मध्येच दाखविले होते. कंप वाढला की वीज वाढते आणि तिच्याबरोबर रोधही वाढतो. रोगानेच औषध पुरवावे, असा हा प्रकार.

परंतु या यंत्राने विजेचा खर्च वाचला, तरी माणसाच्या नजरेचा खर्च वाचत नाही. मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजी कोसळून १३५ माणसे दगावली. तपासात मुख्य तारदोराच्या ४९ पैकी २२ तारा गंजलेल्या आढळल्या. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्रीवरील जुना दगडी पूल पुरात गेला. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा पूल, धोक्याची सूचना लावलेली असूनही, माणसांसह इंद्रायणीत कोसळला. यांपैकी एकाही ठिकाणी कंपशामकाची उणीव नव्हती. उणीव होती ती वेळेवर तपासणीची आणि तीनुसार कृतीची.

याचे कारण अर्थकारणात आहे. नव्या पुलाला कोनशिला असते, उद्‌घाटन असते; डागडुजीला दोन्ही नसते. त्यामुळे काटकसरीची कुऱ्हाड प्रथम देखभालीवर पडते, आणि आज वाचविलेला रुपया उद्या अनेक पटींनी वसूल होतो. जिल्ह्यातील प्रत्येक पुलाचा तपासणी-अहवाल दरवर्षी पावसाळ्यापूर्वी जाहीर व्हावा. नांदेडच्या अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांना मोजमापाच्या कामात सहभागी करून घ्यावे. पूल स्वतःची वीज निर्माण करू शकेल. स्वतःसाठी अंदाजपत्रकात तरतूद मात्र त्याला करता येणार नाही. ती नागरिकांनीच मागितली पाहिजे.