रसायनशास्त्रांतील उदाहरणें

रसायनशास्त्राच्या तासास उदाहरण घातलें कीं आम्ही विद्यार्थी तत्काळ त्रैराशिक मांडावयास धांवतों. कशाचें त्रैराशिक, ही चौकशी मागाहून. बहुधा कधींच नाहीं. परीक्षेंत आमच्यापैकीं एकानें १०० ग्राम चुनखडी भाजून १७८ ग्राम चुना काढला! गुणाकार-भागाकार बिनचूक होता. त्रैराशिक मात्र उलटें होतें. भट्टींत घातलें त्याहून अधिक बाहेर निघालें, हें पाहून लिहिणाऱ्याची लेखणी क्षणभरही अडखळली नाहीं, याचा आम्हांस खेद वाटतो. चूक कोणाचीही होते. पण आपल्या उत्तराकडे वळून न पाहणें ही चूक नव्हे, ती संवय होय.

वास्तविक ही हकीगत किती सुरस आहे! चुनखडीचे १०० भाग भाजले असतां ४४ भाग कार्बन डायऑक्साइड वायु उडून जातो व ५६ भाग कळीचा चुना उरतो. तो १८ भाग पाणी पिऊन विरतो व ७४ भाग होतो. पुढें भिंतीवर चढल्यावर हवेंतून तोच वायु ४४ भाग हळूहळू परत घेतो, १८ भाग पाणी सोडतो आणि पुनः शंभराची चुनखडी बनतो. ज्यास हें एकदां उमगलें त्यास छप्पन्न वर कीं खालीं, हें कोणास विचारावें लागत नाहीं.

कित्येक पालक म्हणतात, परीक्षेच्या दिवसांत समजून घेण्यास वेळ कोठून आणावा? आमच्या मतें वेळ जातो तो न समजतां घोकण्यांत. शिवाय प्रयोगशाळा घरींच आहे. खाण्याचा सोडा नुसता तापविला तर त्याच्या १६८ भागांतून ४४ भाग वायु निघतो, आणि मागें धुण्याचा सोडा राहतो. म्हणूनच आंबटाशिवाय सोडा पडलेला पदार्थ साबणासारखा लागतो. पुरेसें दहीं किंवा लिंबू असेल तर तितकाच वायु अवघ्या ८४ भागांतून मिळतो. ढोकळ्यांत दहीं घालणारी आई हें समीकरण लिहीत नसेल, पण तिचें उत्तर सहसा चुकत नाहीं.

कळीच्या चुन्याशीं मात्र मुलांनीं खेळूं नये. विरतांना तो इतका तापतो कीं पाणी उकळूं लागतें, आणि त्याचा शिंतोडा डोळ्यांत गेल्यास मोठी इजा होते. सोडा व लिंबू यांवर आमचें भागण्यासारखें आहे. पालकांनीं एक चमचा सोडा आणि अर्धें लिंबू यांचा खर्च तेवढा सोसावा.