लेडीज डबा रिकामा झाला तर



ऑगस्ट २००२ मध्ये बोरिवली लोकलमध्ये एका गतिमंद मुलीवर अत्याचार झाला. डब्यात इतर प्रवासी होते. सारे गप्प! म्हणून केवळ लोकांच्या भरवशावर राहू नका. रात्रपाळीहून अंधेरीला, मुलुंडला परतताना डबा रिकामा होऊ लागला, की उतरून पोलीस असलेल्या लेडीज डब्यात बसा. प्रसंग आला तर साखळी बेधडक ओढा. दंड विनाकारण ओढणाऱ्याला असतो. गाडीत १३९, बाहेर ११२ फिरवा.

‘आमची हद्द नाही’ असे पोलीस म्हणाले तरी हटू नका. तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. १ जुलै २०२४ पासून तर नव्या कायद्याच्या कलम १७३ मध्येच तसे लिहिले आहे.

आणि आईबापहो, उशिरा आलेल्या लेकीलाच आधी ओरडू नका. पुढच्या वेळी ती काही सांगणारच नाही.