दोन अपत्यांची अट आणि घरचा हिशेब

लोकसंख्येची चर्चा आपल्याकडे सहसा 'आपण' आणि 'ते' अशा भाषेत होते. बदली होऊन जयपूरला आलेला मराठी अधिकारीही उत्तरेकडील मोठ्या कुटुंबांविषयीचा ठराविक समज बरोबर घेऊनच येतो. आकडे मात्र या समजाला साथ देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये राजस्थानात स्त्रीमागे सरासरी ३.२ अपत्ये होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २.० वर आले. महाराष्ट्र याच काळात २.१ वरून १.७ वर आला. पंधरा वर्षांत एवढे अंतर कापले गेले, ते कशामुळे?

राज्यकर्त्यांचे ठरलेले उत्तर म्हणजे कायदा. राजस्थानने १९९४ च्या पंचायत राज कायद्यात दोन अपत्यांची अट घातली आणि नोव्हेंबर १९९५ नंतर तिसरे मूल झालेल्यांना निवडणुकीची दारे बंद केली. जून २००२ पासून हीच अट सरकारी नोकरभरतीला लागली. महाराष्ट्रही मागे राहिला नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांपाठोपाठ २००५ मध्ये सरकारी सेवेसाठी छोट्या कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र आले. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणाची, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये राजस्थानची नोकरीविषयक अट वैध ठरविली. पण वैध असणे वेगळे आणि परिणामकारक असणे वेगळे. अशी अट न घालणाऱ्या केरळ, तामिळनाडू आणि पश्चिम बंगाल या राज्यांतील जननदर राजस्थानपेक्षा खाली आहे, ही वस्तुस्थिती कायद्याच्या समर्थकांनी ध्यानात घ्यावी.

वस्तुतः अपत्यांची संख्या ठरते ती घरच्या हिशेबाने. राजस्थानात हजार जिवंत जन्मांमागे बालमृत्यू २००५-०६ मध्ये ६५ होते, ते २०१९-२१ मध्ये ३० वर आले. वीस ते चोवीस वयोगटातील स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत विवाह झालेल्यांचे प्रमाण याच अवधीत ६५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर घसरले. झालेले मूल जगेल याची खात्री वाटू लागली, मुलगी दोन-चार वर्षे अधिक शाळेत राहिली की पाळणा आपोआप लांबतो.

राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसविलेल्या मानसरोवरात हा हिशेब नीट पाहावयास मिळतो. उत्पन्नगटानुसार आखलेली घरे, कर्जाचे हप्ते, शाळेची आणि शिकवणीची फी यांत मूल हे कमावते हात राहत नाही. ते दीर्घ मुदतीची गुंतवणूक होते. घरात निवृत्तिवेतन येणार असेल तर म्हातारपणासाठी मुलांच्या संख्येवर विसंबण्याचे कारण उरत नाही. याच शहरातील मजुरांच्या चौखटीवर सकाळी काम शोधत उभ्या असलेल्या माणसाला, किंवा ढाणीवरील कोरडवाहू शेतकऱ्याला, ना पगाराची शाश्वती ना निवृत्तिवेतनाची. त्याच्या दृष्टीने मुलगा हाच विमा. तो अडाणी आहे म्हणून नव्हे, तर त्याचा हिशेब त्याच्या परिस्थितीशी जुळतो म्हणून त्याचे कुटुंब मोठे राहते.

महाराष्ट्रालाही येथे आत्मसंतुष्ट राहता येणार नाही. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणाऱ्या र. धों. कर्वे यांच्या राज्यात २०१९-२१ मध्येही बालविवाहाचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. म्हणजे राजस्थानच्या थोडेसेच खाली. बीडकडील ऊसतोडीत मजुरी 'कोयत्या'वर, म्हणजे जोडप्यावर ठरते. जोडी असेल तर उचल मिळते, मग लग्न लवकर लावले जाते. ही प्रथा नव्हे, अर्थव्यवस्था आहे.

कायद्याचा बडगा कोणावर पडतो, हे निर्मला बुच यांनी दोन दशकांपूर्वी पाच राज्यांत केलेल्या अभ्यासात दिसले होते. पद टिकविण्यासाठी पत्नीला टाकून देणे, मूल दत्तक दिल्याचे दाखविणे, लिंगनिदान करून गर्भपात करणे असे प्रकार त्यात नोंदले गेले. मुलाचा हट्ट कायम ठेवून कुटुंब लहान करायचे तर मुलीलाच वगळले जाते. २००१ ते २०११ या दशकात हजार मुलांमागे सहा वर्षांपर्यंतच्या मुली राजस्थानात ९०९ वरून ८८८, तर महाराष्ट्रात ९१३ वरून ८९४ झाल्या. गर्भलिंगचाचणीविरुद्ध १९८८ मध्येच कायदा करणाऱ्या राज्याची ही अवस्था.

आता वारे उलटे वाहू लागले आहे. लोकसभेच्या जागांची फेरवाटणी आणि वृद्धांची वाढती संख्या यांच्या चिंतेने आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये दोन अपत्यांची अट रद्द केली. त्याच वर्षी सरसंघचालकांनी नागपुरात तीन अपत्यांचा विचार मांडला. अट रद्द होणे स्वागतार्हच. पण काल 'कमी करा' आणि आज 'वाढवा' या दोन्ही आज्ञांत स्त्रीचे शरीर हे धोरणाचे साधनच मानले जाते. देशात कुटुंबनियोजनाचा भार आजही तिच्यावरच आहे: २०१९-२१ मध्ये स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के होते.

फायली हाताळणाऱ्या मराठी अधिकाऱ्यांनी म्हणूनच अपात्रतेच्या नोंदींपेक्षा तीन गोष्टींचा पाठपुरावा करावा: माध्यमिक शाळेतून गळणारी मुलगी, प्रसूतीनंतर बाळंतिणीच्या घरी जाणारी परिचारिका, आणि असंघटित मजुराचे निवृत्तिवेतन. एवढे साधले तर किती मुले हवीत, हे सांगण्याची गरज सरकारला उरणार नाही.